सातवा मुद्दा

सूड ही एक साधना आहे. तिला निष्ठा लागते, संयम लागतो, आणि शत्रूला उदंड आयुष्य लाभो अशी रोज मनापासून इच्छा करणारं काळीज लागतं. मेश्रामसाहेबांकडे हे सगळं होतं. शिवाय त्यांच्याकडे लॅमिनेशनचं मशीन होतं.

सिंगापुरात हौगांगला आमच्या ब्लॉकमध्ये ते नवव्या मजल्यावर राहायचे, मी आठव्या. मी राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी दार वाजलं. बाहेर साठीकडे झुकलेले, बुटके, रुंद खांद्यांचे एक गृहस्थ उभे. "मेश्राम. मरीन इंजिनिअर. नागपूर," एवढी ओळख देऊन ते आत आले, चहा नको म्हणाले, आणि माझ्या बेडरूमच्या भिंतीवर डावा तळवा टेकवून डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं, वास्तुशास्त्राचं काही असेल. अर्ध्या मिनिटानं डोळे उघडून ते म्हणाले, "एसीच्या कॉम्प्रेसरचं बेअरिंग जातंय तुमचं, भाऊ. तीन आठवडे."

एकोणिसाव्या दिवशी कॉम्प्रेसर किंचाळला आणि बंद पडला. संध्याकाळी मेश्रामसाहेब हजर. हातात एक छोटा कागद, त्यावर त्यांच्या भेटीची तारीख, वेळ, 'तीन आठवडे' हे शब्द आणि सही. लॅमिनेट केलेला. मी विचारलं, दुरुस्त करणारा कुणी माहीत आहे का? त्यांनी नंबर दिला, पण तो जरा नाइलाजानं. एसी सुरू होणं ही त्यांच्या दृष्टीनं वेगळी आणि दुय्यम बाब होती.

हा तळवा ते कुठेही टेकवायचे. लिफ्टच्या भिंतीला, एमआरटी रेल्वेच्या डब्यातल्या खांबाला, जेवायला बोलावणाऱ्यांच्या फ्रिजला. यजमानीण वाढत असताना हे स्वयंपाकघरात फ्रिजला हात लावून उभे. सुनंदावहिनी, त्यांच्या पत्नी, नोव्हेनाला एका हॉस्पिटलात नर्स होत्या आणि नवऱ्याबद्दल बोलताना त्यांचा सूर पेशंटची केस सांगितल्यासारखा असायचा. "लग्नात यांनी माझा हात धरला तो सोडेचनात," त्या म्हणायच्या. "मला वाटलं, माणूस प्रेमळ दिसतो. हे ठोके मोजत होते."

मेश्रामसाहेबांचा आवाज कधी चढल्याचं मी ऐकलं नाही. कुणी रांगेत घुसलं, कुणी धक्का मारून गेलं, कार्यक्रमात नाव पुकारायचं विसरलं, तर ते हसायचे आणि खिशातली छोटी वही काढायचे. एकदा मी विचारलं, तुम्हाला राग येत नाही का? ते म्हणाले, "मी रागावत नाही, भाऊ. मी लिहून ठेवतो."

लिहून ठेवण्याचं पुढे काय होतं, ते दहाव्या मजल्यावरच्या गृहस्थांना विचारावं. ते कपडे न पिळताच बांबूवर वाळत घालायचे आणि सगळं पाणी मेश्रामांच्या वाळलेल्या चादरींवर. मेश्राम भांडले नाहीत. अकरा महिन्यांनी ब्लॉकच्या रहिवाशांचं चहापान होतं, तिथे त्यांनी त्या गृहस्थांना सगळ्यांसमोर एक बांधीव अल्बम भेट दिला. प्रत्येक पानावर एका ओल्या चादरीचा फोटो, खाली तारीख, त्या दिवशी पाऊस होता की नव्हता याची नोंद. गृहस्थांनी पहिली चार पानं आनंदानं उलटली, कारण त्यांना वाटलं, हा ब्लॉकचा इतिहास आहे. त्या दिवसापासून ते कपडे इतके पिळतात की वरून फक्त धागे पडतात.

पण चादरी हा मेश्रामसाहेबांचा रियाज होता. मैफल प्रधानांसाठी राखून ठेवलेली होती.

ती हकीकत त्यांनी मला एका सकाळी मार्केटात, भाजी निवडता निवडता सांगितली, एकही विशेषण न वापरता. बावीस वर्षांपूर्वी ते एका मालवाहू जहाजावर सेकंड इंजिनिअर होते. सिंगापूरच्या बाहेर जहाज नांगरून उभं होतं, त्यांचं कंत्राट संपलं होतं, ते उतरणार होते. जहाजावरची रीत अशी की उतरणाऱ्यानं येणाऱ्याच्या हाती नुसतं काम द्यायचं नाही, कागद द्यायचा. त्याला हँडिंग ओव्हर नोट्स म्हणतात. कुठलं मशीन कसं आहे, काय बिघडलंय, काय बिघडेल. कंपनीचा सुपरिंटेंडंट जहाजावर असेल तर तोही एक प्रत घेतो आणि पोच म्हणून सही करतो. मेश्रामांनी चार पानं लिहिली होती. सातवा मुद्दा होता: इंजिनाचं चार नंबरचं मेन बेअरिंग रोज थोडं थोडं जास्त तापतंय, निघण्यापूर्वी उघडून बघावं. सुपरिंटेंडंट होते प्रधान. त्यांनी उभ्याउभ्या पानं उलटली, सही ठोकली आणि "गुड, गुड" म्हणाले. जहाज त्याच संध्याकाळी डर्बनकडे निघालं. चौथ्या दिवशी भर समुद्रात बेअरिंग गेलं, त्यानं क्रँकशाफ्टही नेला, आणि जहाज दोरानं ओढून आणावं लागलं.

चौकशी झाली. अहवाल प्रधानांनी लिहिला. उतरलेल्या सेकंड इंजिनिअरनं कोणतीही पूर्वसूचना दिली नव्हती, असं त्यात होतं, आणि पुढे एक वाक्य होतं: नोंदी ठेवण्याची सवय या व्यक्तीच्या पार्श्वभूमीत दिसून येत नाही. पार्श्वभूमी या शब्दात काय काय बसतं ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. जहाजावरची प्रत फाइलमधून नाहीशी झाली होती. ऑफिसातली कधी सापडलीच नाही. मेश्रामांकडे स्वतःची प्रत नव्हती, कारण जहाजावरच्या कॉपिअरची शाई संपली होती आणि विमान चुकणार होतं.

"नोकरी गेली, ठीक आहे," ते वांगं बोटानं दाबून पाहत म्हणाले. "दुसरी मिळते. चीफ व्हायला सहा वर्षं जास्त लागली, लागू दे."

मग ते वडिलांबद्दल बोलले. वडील अजनीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर. जेमतेम सातवी शिकलेले, पण हात लावलेल्या प्रत्येक इंजिनाची नोंद चाळीस वर्षं घरच्या वहीत करणारे. मुलाला त्यांनी सायकलच्या आधी वही दिली होती. तो अहवाल इंग्रजीत होता, तो मेश्रामांनी वडिलांना समोर बसून मराठीत वाचून दाखवला. वडिलांनी एकच विचारलं, "तू लिहिलं नव्हतंस का रे?" हे म्हणाले, "लिहिलं होतं बाबा." ते म्हणाले, "मग दाखव ना." त्याच हिवाळ्यात वडील गेले.

मेश्रामांनी वांगं परत ठेवलं. "बी निघेल याला," ते म्हणाले.

त्यांना काय हवं होतं ते त्यांनी तिथेच सांगून टाकलं. प्रधानांनी चार लोकांदेखत पुन्हा एकदा न वाचता सही करावी, आणि ती चूक त्यांच्या अंगावर फुटावी. मग त्यांच्याकडून जुन्या सहीबद्दल लिहून घ्यायचं. मी म्हटलं, निवृत्त माणसाच्या हाती तुम्ही कसल्या नोट्स देणार? ते म्हणाले, त्याची सोय केली आहे.

ती सोय म्हणजे बेसबॉल.

या खेळाचा नाद मेश्रामांना जपानमधल्या गोदीत लागला. जहाज दुरुस्तीला आलं की तिथले फिटर जेवणाच्या सुट्टीत टीव्ही लावायचे, आणि हे शेजारी बसून पिचरच्या हाताकडे पाहायचे. बॉल फेकणारा तो पिचर. संघात असे पाच जण पाळीपाळीनं सामना सुरू करतात. पहिल्याची पोस्टरं लागतात. पाचवा असतो, कारण पाचव्या दिवशी कुणाला तरी फेकावं लागतं. मेश्रामांचा जीव नेहमी पाचव्यावर. "पाचवा म्हणजे इमर्जन्सी जनरेटर," ते म्हणायचे. "शनिवारी पाच मिनिटं चालवायचा, पुसायचा आणि विसरायचा. लागतो त्या दिवशी मात्र सगळे टॉर्च घेऊन त्याच्याभोवती."

चार वर्षांपूर्वी त्यांनी एक कागदोपत्री लीग काढली. प्रत्येकानं अमेरिकेतले खरे खेळाडू निवडून आपला संघ करायचा. ते तिकडे खेळतील तसे इकडे आपल्याला गुण. आपसांत खेळाडूंची अदलाबदल करता येते, तिला ट्रेड म्हणायचं. तिकडची रात्र ती इकडची सकाळ, म्हणून दर शनिवारी क्वीन्सटाउनच्या एका हॉकर सेंटरच्या खाद्यस्टॉलांमध्ये बसून कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत, फोन कपाला टेकवून आम्ही सामने पाहायचो. मेश्राम, मी, शाळेत पोरांना सॉफ्टबॉल शिकवून निवृत्त झालेले मिस्टर लिम, आणि जवळच्या बिझनेस पार्कमधले तीन मराठी संशोधक. हे तिघे नेहमी एकत्र बोलायचे, त्यामुळे मी त्यांना एकच धरतो. लिम आमचे कमिशनर. मेश्रामांनी पहिल्याच दिवशी एक नियम मांडला: ट्रेड करताना देणाऱ्यानं हँडिंग ओव्हर नोट्स द्यायच्या, घेणाऱ्यानं सही करायची. लिमना गंमत वाटली. "कॅन, कॅन," चालेल या अर्थी ते म्हणाले. नियम पास झाला.

मग मेश्रामांनी एवढंच केलं की, अशी एक लीग आहे आणि तिच्यात निवडक लोकांनाच घेतात, ही बातमी महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात प्रधानांच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं मला सांगितली. ज्या संस्थेचे आपण सभासद नाही अशी संस्था सिंगापुरात असावी, हे प्रधानांना सहन होत नसे. दुसऱ्या वर्षी ते लीगमध्ये होते.

प्रधान सत्तरीचे, उंच, गोरे, आवाज भारदस्त. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी व्हिजिटिंग कार्ड देत. मंडळाच्या प्रत्येक समारंभात दीपप्रज्वलनाला त्यांचा हात लागायचा, मग माइक आणि मग आमची संध्याकाळ. कुठलंही मत मांडण्याआधी ते "इन माय फॉर्टी इयर्स" म्हणायचे, मग विषय इंजिनाचा असो की इडलीचा. ह्यूस्टनला एका परिषदेसाठी गेले असता त्यांना एकदा स्टेडियमवर नेलं होतं, त्या आधारावर ते बेसबॉलवर बोलत. मेश्रामांना ते "अरे मेश्राम" म्हणत, मोकळेपणानं, कसलाही संकोच नसलेल्या माणसासारखे. जुन्या जहाजाचा विषय कधी निघाला नाही. मला खात्री होती की ते विसरून गेलेत. मेश्रामांनाही होती, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं होतं.

सापळा लावून झाला, पण त्यात एक अडचण होती. मेश्रामांना नोट्समध्ये खोटं लिहायचं नव्हतं. खेळाडू खरोखरच आतून बिघडलेला हवा, बाहेरून चांगला दिसणारा हवा, आणि तो बिघाड मेश्रामांना इतरांआधी कळायला हवा. असा खेळाडू मिळेपर्यंत तीन वर्षं गेली. मधल्या काळात प्रधानांनी किरकोळ ट्रेड्सवर अकरा सह्या केल्या, प्रत्येक वेळी पानं फरफर उलटून. त्यांच्या बायपासच्या वेळी मेश्राम इतके हवालदिल झाले की प्रधानांच्या घरच्यांना भरून आलं. "वाचायला पाहिजे," ते रोज म्हणायचे. विहारात रविवारी सर्व प्राणिमात्रांचं मंगल चिंतताना यांच्या मनात एकच प्राणी असतो, असं तेव्हा वहिनी मला म्हणाल्या.

आणि मग पाचवा आला.

अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एका संघाचा हा पाचवा पिचर. चौतिशीचा, डावखुरा, पोट सुटलेला, दोन डावांच्या मध्ये एकटा बसून सूर्यफुलाच्या बिया चघळणारा. मेश्रामांच्या संघात तो कुणालाच नको म्हणून आला होता. त्या वर्षी त्यानं सुरुवातीचे सगळे सामने जिंकले. आमच्या टेबलावर तीन शनिवार दुसरा विषय नव्हता. लिमचं म्हणणं, हा माणूस जिंकत नाही, त्याच्या मागचे क्षेत्ररक्षक जिंकतात. मारलेले बॉल थेट हातात जातायत, ते कधीतरी जायचे थांबतील, आजच्या भावात विकून मोकळं व्हावं. संशोधकांनी फोनवर आलेख दाखवला, त्यातून असं निघत होतं की तो चांगला आहे किंवा नाही. मी म्हटलं, जिंकतोय ना, मग झालं. लिमनी माझ्याकडे पीटीचे बूट विसरलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं.

प्रधान म्हणाले, "इन माय फॉर्टी इयर्स, लोक चांगल्या मशीनची किंमत नेहमी कमी लावतात. मेश्राम, देतोस का?"

मेश्राम म्हणाले, बघू.

त्यांनी घरी त्या पिचरचा लॉग ठेवला होता, इंजिनरूममध्ये ठेवतात तसा. प्रत्येक सामन्याचा, प्रत्येक डावाचा. वेग किती, हात किती उंचावरून सुटतो, तिसऱ्या डावानंतर किती खाली येतो. जिंकणं-हरणं त्यात कुठेच नव्हतं. वेग दर सामन्याला किंचित उतरत होता, हात किंचित खाली येत होता. इतकं किंचित, की एका सामन्यात दिसू नये. "चार नंबर," मेश्राम मला तो कागद दाखवून हळूच म्हणाले. कोपराबद्दल त्यांनी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, मी लहान मुलांच्या वॉर्डात आहे. मुलगी तनया तिथेच अभ्यास करत होती, ती मान वर न करता म्हणाली, "पा, ही इज ओन्ली नंबर फाइव्ह, लाह. हू केअर्स."

चौथ्या शनिवारी ट्रेड झाला. प्रधानांनी बदल्यात एक सुस्तावलेला बॅट्समन देऊ केला आणि मेश्रामांनी तो तत्काळ स्वीकारला. लिमना ते इतकं विषम वाटलं की कमिशनर म्हणून त्यांनी दोनदा विचारलं, नक्की? मेश्राम म्हणाले, "जे काही आहे ते नोट्समध्ये लिहिलंय." चार पानं होती. पहिले सहा मुद्दे पाचव्याचं वय, वजन, सवयी, आवडती मैदानं असे. सातवा तिसऱ्या पानावर होता: कोपरावर ताण वाढतोय, काही सामन्यांत निकामी होण्याचा संभव, घेणाऱ्यानं विचार करावा. प्रधानांनी पानं उलटली. मेश्रामांची नजर कपाशेजारी ठेवलेल्या घड्याळावर होती. एकवीस सेकंद. प्रधानांनी सही ठोकली आणि म्हणाले, "गुड, गुड."

मेश्रामांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा पुन्हा पाहिला नाही. आपल्या मुलाचं नाव गुणवत्ता यादीत वाचणाऱ्या बापाचा असतो तसा.

पण पाचव्यानं पुढचा सामना जिंकला. त्याच्या पुढचाही. तिसरा तर असा जिंकला की समालोचक उभे राहिले. प्रधान दर शनिवारी ते सविस्तर सांगायचे. मेश्राम ऐकून घ्यायचे आणि घरी येऊन आवाज बंद करून तो हात पुन्हा पुन्हा पाहायचे. त्यांचं जेवण कमी झालं. त्यांची अडचण मला कळत होती. हा हात टिकला असता तर बावीस वर्षांपूर्वीचा सातवा मुद्दाही नुसता अंदाज ठरत होता, आणि वडिलांना द्यायचं उत्तर आणखीच लांबत होतं.

"एका परक्या माणसाचा हात मोडायची घरात बसून वाट बघणं बरं दिसत नाही," वहिनी म्हणाल्या.

"मी वाट बघत नाही," मेश्राम म्हणाले. "नोंद ठेवतो."

त्याच्या पुढच्या शनिवारी दुसऱ्या डावात पाचव्यानं एक बॉल फेकला आणि तो फेकल्याबरोबर हात पोटाशी धरला. लिमच्या फोनवर आम्ही सगळे पाहत होतो. तो खाली बसला नाही, ओरडला नाही. हात तसाच धरून चालत बाहेर गेला आणि बियांच्या पाकिटाशेजारी बसला.

"बिचारा," मेश्राम म्हणाले. ते खरं होतं. मग त्यांनी पिशवीतून नोट्स काढल्या. तिसरं पान त्यांनी टेबलावर प्रधानांच्या कपाजवळ ठेवलं आणि सातव्या मुद्द्याखाली बोट टेकवलं. शेजारी चौथं पान, प्रधानांच्या सहीचं. बोलणं त्यांनी मराठीत सुरू केलं, आणि ते इतक्या शांतपणे की लिमना वाटलं, ट्रेडच्या कागदांचं काही राहिलंय.

"प्रधानसाहेब, तुम्ही हे वाचलं नाही."

प्रधानांनी पानाकडे पाहिलं नाही. कोपीवर फुंकर मारली. "वाचलं होतं."

"एकवीस सेकंदांत?"

"अरे, नोट्समध्ये सातवा-आठवा मुद्दाच वाचायचा असतो. पहिले सहा लिहिणाऱ्याच्या समाधानासाठी असतात. चाळीस वर्षं तेच केलं." त्यांनी एक घोट घेतला. "मला वाटलं, महिनाभर निघेल. तीन सामने निघाला की."

मेश्रामांचं बोट पानावरच होतं. यापुढे काय बोलायचं ते त्यांनी बावीस वर्षं घोटून ठेवलं होतं, आणि त्यातलं एकही वाक्य आता लागू पडत नव्हतं.

"तेव्हाही वाचलं होतं, मेश्राम," प्रधान म्हणाले. माइकवरचा आवाज त्यात नव्हता. "चार नंबरचं बेअरिंग. डर्बनपर्यंत निघेल, तिथे उघडू, असं वाटलं होतं. निघालं नाही."

तिन्ही संशोधक आपापल्या कपात पाहू लागले.

"मग अहवालात..."

"अहवाल मला लिहायचा होता ना. कुणाचं तरी नाव घालावं लागतं. तू उतरला होतास." मग त्यांनी जोडलं, "पर्सनल काही नव्हतं."

मला त्या क्षणी प्रधानांच्या डोक्यावर समोरची कोपी ओतावीशी वाटली, आणि ती माझी होती.  न वाचणारा माणूस मेश्रामांनी इतकी वर्षं सांभाळला होता. वाचूनही सही करणाऱ्याची त्यांच्याकडे नोंद नव्हती.

"माझे वडील विचारत होते," ते म्हणाले.

"काय?"

"लिहिलं होतं का म्हणून." त्यांनी पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. खिशातलं पेन काढून त्यावर ठेवलं. "लिहा."

"आता काय उपयोग? कंपनी राहिली नाही. जहाज भंगारात गेलं."

"तुम्ही आहात. मी आहे. लिहा."

प्रधानांनी आजूबाजूला पाहिलं. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं. दीपप्रज्वलनाला पुढे होणारा तो हात पेनावर आला आणि त्यांनी लिहिलं. तीन ओळी, इंग्रजीत, जहाजाचं नाव, बेअरिंगचा नंबर, सूचना मला लेखी मिळाली होती व मी ती वाचली होती. तारीख, सही. अक्षर अजून सुपरिंटेंडंटचं होतं. मेश्रामांनी कागद लिमकडे सरकवला, साक्षीदार म्हणून. लिमनी कागद न वाचताच मला विचारलं, एवढं सगळं त्या कोपरावरून? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, पाच नंबरच्या? मी म्हटलं, हो. त्यांनी मान हलवली आणि सही केली.

प्रधानांनी कोपी संपवली. मग कुणी एखादा डावखुरा पिचर सोडतंय का, अशी चौकशी केली.

मेश्रामांनी कागदाची घडी केली आणि सगळ्यांचा निरोप घेतला, प्रधानांचाही. मी पाच मिनिटांनी स्टेशनवर पोचलो तेव्हा ते प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे होते, कागद उलगडून. एक गाडी आली आणि गेली. दुसरी गेली. ते वाचत होते, वाचून झालं की पुन्हा वरून सुरू करत होते, कुणाला तरी वाचून दाखवावं तसे सावकाश, ओठ हलवत. मी हाक मारली नाही. तिसऱ्या गाडीत ते चढले. ती आमच्या घराच्या उलट दिशेला, तुआसला जाणारी होती. दारं बंद झाली तेव्हा ते खांबापाशी उभे होते, आणि कागद धरायला त्यांना दोन्ही हात लागत होते.

पुढच्या महिन्यात ते सहकुटुंब नागपूरला परतले. मला त्यांचं ते दर्शन शेवटचं, कारण मधला सगळा महिना मी कामासाठी बाहेरगावी होतो. जाताना वहिनी फ्रिज माझ्यासाठी ठेवून गेल्या.

लीग त्या वर्षी प्रधानांनी जिंकली. पाचव्याच्या त्या तीन सामन्यांचे गुण मिळाले नसते तर ते दुसरे आले असते. मेश्रामसाहेब सातांत सहावे आले.